निर्बंधांच्या यादीत पुणे

खडकवासला म्हटले की धरण आठवते, पावसाळ्यातली गर्दी, भाजलेली कणसे आणि कांदाभजी आठवतात. पण याच पाण्याकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे आणि जवळच गिरीनगरला शस्त्रास्त्रांचे तंत्रज्ञान शिकवणारी संस्था आहे. इकडे पाषाणला संरक्षण संशोधन खात्याची 'एआरडीई' ही शस्त्रास्त्र प्रयोगशाळा 1958 पासून काम करते. पुण्याच्या या पश्चिम भागाला आर्थिक निर्बंधांचा कायदा म्हणजे काय, हे 1998 साली कळले.

तशी महाराष्ट्राला या कायद्याची ओळख जुनीच. तारापूरच्या अणुवीज केंद्राला इंधन पुरवण्याचा करार अमेरिकेने 1963 मध्ये केला होता. 1974 मध्ये भारताने पोखरणला पहिली चाचणी घेतली आणि 1978 मध्ये अमेरिकेने नवा कायदा करून अशा पुरवठ्यावर कडक अटी घातल्या. करार आधीचा, कायदा नंतरचा. तरी इंधन अडले. अखेर 1982 मध्ये फ्रान्सकडून इंधन घेण्याची वाट निघाली.

11 आणि 13 मे 1998 रोजी भारताने पुन्हा चाचण्या घेतल्या. 28 आणि 30 मे रोजी पाकिस्तानने घेतल्या. अमेरिकी शस्त्रनिर्यात कायद्याचे कलम 102, म्हणजे 'ग्लेन दुरुस्ती', दोघांनाही लागू झाले. मदत थांबली, शस्त्रांची विक्री थांबली, जागतिक बँकेच्या कर्जांना अमेरिकेने विरोध सुरू केला. नोव्हेंबरमध्ये दोन्ही देशांतल्या संस्थांची नावे 'एंटिटी लिस्ट'मध्ये छापली गेली. त्यात एआरडीईचेही नाव होते. यादीतल्या संस्थेला नियंत्रित अमेरिकी माल पाठवायचा तर आधी परवाना हवा, आणि तो मिळण्याची आशा कमी.

त्या काळात बॉम्बलाही धर्म चिकटवला जात होता. कुणी 'हिंदू बॉम्ब' म्हणे, कुणी 'इस्लामी बॉम्ब'. कायद्याला मात्र धर्म दिसला नाही. एकच कलम दोन्ही शेजाऱ्यांवर चालले. आणि ज्या भारतीय संरक्षण संशोधन संघटनेच्या प्रयोगशाळा यादीत गेल्या, तिचे प्रमुख तेव्हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. आपल्याकडे निष्ठेचे दाखले मागणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचायला हवी होती.

पण कायद्याला धर्म नसला, तरी त्याला स्वतःचे पोट होते. पाकिस्तान अमेरिकी गव्हाचे मोठे गिऱ्हाईक. निर्बंधांमुळे गव्हासाठीची उधारी बंद पडणार म्हटल्यावर अमेरिकी शेतकऱ्यांचीच ओरड झाली. 14 जुलै 1998 रोजी, म्हणजे दोन महिन्यांत, शेतमालाला सूट देणारा कायदा झाला. ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्षांना एक वर्षापुरते निर्बंध उठवण्याचा अधिकार मिळाला, पुढच्या वर्षी तो कायमचा झाला. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर अकराव्याच दिवशी, 22 सप्टेंबरला, दोन्ही देशांवरचे ग्लेन निर्बंध उठले. अफगाणिस्तानच्या मोहिमेसाठी पाकिस्तानची गरज होती.

याचा अर्थ सगळे मोकळे झाले असा नव्हे. यादी निराळी, निर्बंध निराळे. ऑक्टोबर 2001 मध्ये यादी आखूड झाली, पण एआरडीई तिच्यात राहिली. तिचे नाव निघाले जानेवारी 2011 मध्ये. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राला तर जानेवारी 2025 पर्यंत वाट पाहावी लागली.

म्हणून या कायद्याचा अभ्यास नुसते कलम पाठ करून होत नाही. कलम कोणत्या तारखेचे, त्यावर नंतर कोणती सूट आली, यादीत आज कोणाचे नाव आहे, हे राजपत्र उघडून पाहावे लागते. गेल्या वर्षीचे टिपण यंदा चुकीचे ठरू शकते. आता भारतही अशी यादी ठेवतो: संहारक अस्त्रांविषयीचा 2005 चा कायदा आहे, आणि दुहेरी वापराच्या मालाची 'स्कोमेट' यादी वेळोवेळी बदलते. चाकण-भोसरीतला लहान कारखानदार असो की दुबईत मालाची कागदपत्रे करणारा आपला रत्नागिरीचा मुलगा, त्यांना हे वाचन टाळता येणार नाही. ऐकीव माहितीवर माल पाठवला आणि तो बंदरात अडकला, तर 'मला ठाऊक नव्हते' हे उत्तर कोणी सहजासहजी मान्य करत नाही.