कर माणसाला की घराला?

धुळ्याच्या किंवा जळगावच्या बाजारपेठेतून चक्कर मारली की ‘अमुक अँड सन्स’, ‘तमुक ब्रदर्स’ अशा पाट्या दिसतात. आडत घ्या, डाळ घ्या, सोनं घ्या, पेढी आणि घर यांच्यामधली भिंत आपल्याकडे पातळच. ही पातळ भिंत आयकर खात्याला खुपली, आणि तिथून आजचा विषय सुरू होतो. बायको-मुलांच्या नावावरच्या उत्पन्नाचा कर घरातल्या मोठ्या कमावत्याच्या डोक्यावर बसवावा का? भुसावळहून नागपूरच्या गाडीत बसलं की वाटेत लागणाऱ्या अकोल्यातून हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता.

आधी हिशेब समजून घेऊ. आयकराचा दर उत्पन्नाबरोबर चढत जातो. त्यामुळे सगळा नफा एकाच्या नावावर दाखवण्यापेक्षा चौघांत वाटून दाखवला तर कर कमी बसतो. बायकोला भागीदार करायचं, अज्ञान मुलांना भागीदारीच्या लाभात घ्यायचं, आणि कारभार मात्र वडिलांनीच पाहायचा! १९३६ च्या आयकर चौकशी अहवालाने अशा नाममात्र भागीदाऱ्यांकडे बोट दाखवलं. मग १९३७ मध्ये १९२२ च्या आयकर कायद्यात कलम १६(३) आलं. नवरा ज्या पेढीत भागीदार, त्याच पेढीतून बायकोला किंवा अज्ञान मुलाला मिळणारा वाटा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवायचा, असं त्यात ठरलं.

या कलमात एक गंमत होती. बाप भागीदार असेल तर मुलांचा वाटा त्याच्याकडे. पण आई भागीदार असेल तर? १९५७ मध्ये सोद्रा देवींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या कलमातली ‘व्यक्ती’ म्हणजे पुरुषच, म्हणून मुलांचं उत्पन्न आईच्या खात्यात मिळवता येणार नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. ‘व्यक्ती म्हणजे कोण’ हा प्रश्न वर्गात आम्हाला तासन्‌तास पुरायचा. न्यायालयाला मात्र त्याचं उत्तर देऊन निकाल लावावा लागतो.

आता अकोल्याकडे वळू. ‘बालाजी विरुद्ध आयकर अधिकारी, अकोला’ या खटल्यात कलमाच्या मुळावरच घाव घातला गेला. म्हणणं असं होतं : एकाचं उत्पन्न दुसऱ्याचं म्हणून धरणं हा उत्पन्नावरचा कर कसा? आणि पेढी खरीखुरी असली तरी केवळ नवरा-बायको आहेत म्हणून वेगळी वागणूक मिळणं, ही समता कशी? १९६१ मध्ये न्यायालयाने हे आव्हान फेटाळलं. न्यायमूर्ती सुब्बाराव यांच्या निकालाचा आशय असा की, करचुकवेगिरी रोखण्यासाठी असं वर्गीकरण करणं वाजवी आहे. खऱ्या भागीदारीला ते थोडं जाचक ठरेल, पण नवरा-बायकोंनी शेवटी आपसांत हिशेब जुळवून घ्यावा.

या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही नेहमी थबकतो. आपसांत हिशेब जुळवून घ्या, असं घराला सांगणं सोपं आहे. पण ज्या घरात बायकोच्या हाती पैसाच नाही, तिथे हिशेब जुळवणार कोण?

त्याच वर्षी नवा आयकर कायदा झाला आणि कलम ६४ मध्ये ‘बायको’च्या जागी ‘जोडीदार’ आला. पुढे जाळं पसरत गेलं. १९९२ च्या वित्त कायद्याने अज्ञान मुलाचं जवळजवळ सगळंच उत्पन्न आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवायचं ठरवलं. सूट मुलामागे १५०० रुपयांची. पुढची तीस वर्षं महागाई कुठल्या कुठे गेली, आकडा मात्र तोच राहिला.

आमच्या घरचंच सांगतो. नातीच्या नावावर आम्ही ठेव ठेवली. सुनेचा पगार मुलापेक्षा जास्त, म्हणून व्याज सुनेच्या उत्पन्नात गेलं. मुलगा हसून म्हणाला, “बाबा, पैसे तुमचे, ठेव हिची, आणि कर तिचा!” नातीने स्वतःच्या कलेवर, मेहनतीवर काही कमावलं असतं तर मात्र ते तिचंच धरलं गेलं असतं. म्हणजे कायद्याला मूल ‘व्यक्ती’ म्हणून दिसतं, पण त्याने घाम गाळला तरच.

हा घोळ आपल्याकडेच आहे असं नाही. ब्रिटनमध्ये १९९० पर्यंत बायकोचं उत्पन्न करासाठी नवऱ्याचं धरलं जाई. ते वेगळं केलं. आणि २०१३ पासून मुलांसाठीचा सरकारी भत्ता जास्त कमावणाऱ्या पालकाकडून कररूपाने परत घ्यायला लागले. तेव्हा मर्यादा होती ५० हजार पौंड. दोघांचे ४९-४९ हजार असले तर कर नाही. एकटीचे ६० हजार असले तर पूर्ण भत्ता गेला. जर्मनीत मात्र १९५७ मध्ये घटना न्यायालयाने पती-पत्नीच्या एकत्र आकारणीचा जाच रद्द केला, कारण त्याने लग्न हाच दंड ठरत होता.

आणि आपल्याकडचा खरा विरोधाभास तर पुढेच आहे. हिंदू अविभक्त कुटुंबाला आपला कायदा स्वतंत्र करदाता मानतो. त्याची करमुक्त मर्यादा वेगळी. म्हणजे वडिलोपार्जित मिळकत असेल तर घराला वेगळं अस्तित्व, आणि नोकरदार आईच्या मुलीला तेही नाही. चुकवेगिरी थांबलीच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण वसूल करताना घर एक आणि सूट देताना माणूस एकटा, असं सोयीप्रमाणे ठरत असेल, तर अकोल्याच्या त्या माणसाने विचारलेला प्रश्न हरूनही अजून उभाच आहे, असं आम्हाला वाटतं.