सहा पानांचा निबंध

आमच्या घरी रक्तदाबाची गोळी म्हणजे ॲडेल्फेन. बाबा ती सीताबर्डीवरून आणत, आणि ती सुरू झाल्यापासून त्यांचे नाक जे चोंदले ते चोंदलेलेच. खापर नागपूरच्या धुळीवर, कूलरच्या गारव्यावर, आईच्या फोडणीवर फुटायचे. पुढे मला वैद्यकीय ग्रंथालयात नोकरी लागली आणि कळले की नाक चोंदणे हा गोळीतल्या रिसर्पिनचा ठरलेला दुष्परिणाम आहे. रिसर्पिन मिळते सर्पगंधेच्या मुळीतून. ही मुळी जगभरच्या डॉक्टरांपुढे आली ती मुंबईच्या एका शोधनिबंधामुळे.

के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तो लिहिला. ब्रिटिश हार्ट जर्नल, 1949, खंड 11, पाने 350 ते 355. आमचे मेडिकल कॉलेज तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे होते आणि नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी. वकिलांनी पन्नास रुग्णांना सर्पगंधा देऊन रक्तदाब किती उतरतो ते मोजून लिहिले. बस, एवढेच.

खरे तर ही गोष्ट नवी नव्हती. 1931 सालीच कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’मध्ये लिहिले होते की सर्पगंधा वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते. त्याच सुमारास दिल्लीत रसायनशास्त्रज्ञ सिद्दिकी यांनी तिच्यातली द्रव्ये वेगळी काढली आणि एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून अजमलीन नाव दिले. परदेशात फारसे कोणी ढुंकून पाहिले नाही. तीच मुळी लंडनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापून आली तेव्हा बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ती मागवून आपल्या रुग्णांवर वापरली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत रिसर्पिन हाती लागले. वकिलांच्या निबंधाचे मोल मी कमी करत नाही, त्यांची मोजणी नीटनेटकी होती. पण कोलकात्याच्या दोघांच्या आणि वकिलांच्या नशिबातला बराचसा फरक नियतकालिकाच्या पत्त्याचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

1957 चे लास्कर पारितोषिक मिळालेल्यांत वकील होते. त्याच वर्षी स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन रिसर्पिनने सुस्त पडलेल्या सशांना एल-डोपा देऊन उठवत होते. त्या वाटेने मेंदूतल्या डोपामीनचे काम उलगडले आणि 2000 सालचे नोबेल कार्लसन यांच्याकडे गेले. 1967 मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या चाचणीने प्रथम ठामपणे दाखवले की वाढलेला रक्तदाब औषधाने उतरवला तर माणसे वाचतात. त्या चाचणीतल्या औषधांतही रिसर्पिन होते.

आता या सगळ्याची सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या निबंधांतले उल्लेख, कोणाच्या खात्यावर जमा करायची? कार्लसनचा आधार घेणारा वकिलांचे नाव कशाला घेईल? शोध पाठ्यपुस्तकात मुरला की मूळ निबंधाचा उल्लेख गळतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. के.ई.एम.मधल्याच डॉ. के. के. दाते यांचे उलटे पाहा. शवासनाने रक्तदाब उतरतो, हा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध 1969 मध्ये ‘अँजिओलॉजी’त आला. शवासन रक्तदाबाच्या ठरलेल्या औषधोपचारात कधी शिरलेच नाही. म्हणूनच योगावर लिहिणारे अजून दात्यांचे नाव घेतात.

सायटेशन्स मोजण्याचा धंदा तसा अलीकडचा. आम्ही इंडेक्स मेडिकस या वैद्यकीय निबंधांच्या सूचीचे विटेएवढे जाड खंड उलथेपालथे करून निबंध शोधून द्यायचो. 2004 अखेर ते छापणे थांबले. कोणत्या निबंधाचा आधार पुढे कोणी घेतला, हे सांगणारी सूची युजीन गारफील्ड यांनी 1964 च्या सुमारास बाजारात आणली, ती वाङ्मय शोधायला सोपे जावे म्हणून. माणसांना गुण द्यायला ती नंतर वापरली जाऊ लागली. 2005 मध्ये हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स काढला: दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा उल्लेख, तर इंडेक्स दहा. मग पदोन्नतीच्या दिवसांत डॉक्टर मंडळी टेबलापाशी यायची. “मॅडम, माहे किती झाले सायटेशन? पटकन पाहून द्या नं.” मी आकडा लिहून द्यायची. निबंध कशावर आहे, हे सांगायची वेळ त्या रांगेत क्वचितच यायची.

हर्शच्या हिशेबात एक खोच आहे. एखाद्याने आयुष्यात एकच निबंध लिहिला आणि त्याने जगाची औषधे बदलली, तरी त्याचा इंडेक्स एक. वकिलांनी पुष्कळ लिहिले म्हणून ते यातून सुटतात. सगळेच सुटत नाहीत.

रक्तदाबावर प्रबंध लिहिणाऱ्या पोरापोरींना माझे एवढेच सांगणे आहे. तो 1949 चा निबंध इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. सहाच पाने आहेत. आधी वाचा आणि मग तुमच्या संदर्भसूचीत घाला. शक्य झाले तर त्याच्या आधीच्या ओळीत 1931 च्या कोलकात्यालाही जागा द्या.