उज्जैनची सावली, महाडचे अंगण

उज्जैनच्या वेधशाळेतले सम्राट यंत्र पाहून आलो आणि त्याची हातभर लाकडी प्रतिकृती महाडच्या अंगणात मांडली. सवाई जयसिंहाची ही वेधशाळा पडझडीला आली होती. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. त्यामागे गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्गणितज्ञाचा आग्रह होता.

सम्राट यंत्र म्हणजे बांधीव सूर्यघड्याळ. मधोमध दक्षिणोत्तर तिरकी भिंत, दोन्ही अंगांना वर्तुळाचे चतुर्थांश. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या चापावर पडते, दुपारनंतर पूर्वेच्या. भिंतीची तिरकी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवी, म्हणून तिचा चढ गावाच्या अक्षांशाइतका. उज्जैनला तो सुमारे २३ अंश.

महाडचा अक्षांश १८. माझी प्रतिकृती मात्र २३ अंशांचीच. मार्चमध्ये विषुवदिनी तपासली, तर बरोबर. रोजचा मध्यान्हही बरोबर. मी निर्धास्त झालो. डिसेंबरात सकाळी आठच्या सुमारास गणिताशी ताडून पाहिले, तेव्हा सात-आठ मिनिटांची चूक निघाली, म्हणजे जवळजवळ घटकेचा तिसरा हिस्सा. दक्षिणेकडून पाच अंशांची पाचर सारली आणि चूक गेली.

आपले जुने ज्योतिषी हा फरक पलभेने मांडत. बारा अंगुळांचा शंकू उभा करायचा आणि विषुवदिनी मध्यान्हीची सावली मोजायची. उज्जैनला ती सुमारे ५ अंगुळे ८ व्यंगुळे, महाडला ३ अंगुळे ५५ व्यंगुळे. पलभा कळली की त्या गावचे दिनमान काढता येते. दुसऱ्या गावची पलभा घेऊन ते निघत नाही.

१९०६ पासून देशाची प्रमाणवेळ एक झाली. रेल्वे आणि तारखात्याला ती हवीच होती, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. ते निव्वळ हट्टाचे नव्हते. महाडला दिवाळीच्या सुमारास सूर्य माथ्यावर येतो तेव्हा मनगटावर १२ वाजून २० मिनिटे झालेली असतात. फेब्रुवारीच्या मध्यात १२ वाजून ५०.

पाचर अजून तिथेच आहे. पोलादपूरला न्यायचे झाले, तर तीही किंचित जाड करावी लागेल.