उमरठची वाट आणि कोकणचा लोहमार्ग

नरवीर तानाजी मालुसरे यांच्या समाधीने पावन झालेले उमरठ आपणां सर्वांस वंदनीय आहे. मात्र पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या येथील लेकरांनी प्रवासाचे जे कष्ट सोसले, त्यांचेही स्मरण आपण ठेवले पाहिजे.

दिवा, पनवेल, आपटा असा लोहमार्ग १९६० च्या दशकात पुढे सरकला आणि तेथेच थबकला. रोह्यास तो पोहोचला १९८६ साली. तोवर आपल्या चाकरमान्यांची एक पिढी एस. टी.तून ये-जा करीतच म्हातारी झाली.

१९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्र शासन व महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ या राज्यांनी भांडवल दिले. उरलेला पैसा मुख्यतः रोख्यांतून उभा राहिला. श्री. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली, तर संपूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाला.

तथापि रूळ वीर, करंजाडी, विन्हेरे असे महाड तालुक्यातून गेले. पोलादपूर बाजूसच राहिले. देशाच्या दृष्टीने पुरा झालेला हा मार्ग आपल्यापुरता अपुराच आहे. म्हणून घरोघरच्या वडीलधाऱ्यांकडून त्या जुन्या प्रवासाची हकिकत आपण आजच लिहून घेऊ या. त्यांच्यामागे ती सांगणार कोण?