नवा लॅपटॉप की मागच्या पिढीचा?

महाविद्यालये सुरू होण्याच्या दिवसांत आणि चतुर्थी-दिवाळीच्या सवलतींच्या काळात लॅपटॉपच्या दुकानात एक प्रश्न हमखास उभा राहतो. एकाच नावाची दोन यंत्रे शेजारी मांडलेली असतात. एक नुकतेच आलेले, दुसरे एक पिढी मागचे, आणि किमतीत दहा-वीस हजारांचे अंतर. विद्यार्थ्याला ते यंत्र निदान चार वर्षे पुरवायचे असते आणि तेवढी रक्कम घरातून पुन्हा लवकर उभी राहणार नसते. त्यामुळे दोन पिढ्यांतील फरक पायाचा आहे की वरवरचा, हे आधी ओळखणे अगत्याचे ठरते.

पायाचा फरक म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण २०२० सालचे आहे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात ॲपलने इंटेलच्या प्रोसेसरवर चालणारे मॅकबुक एअर बाजारात आणले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच नावाचे, बाहेरून जवळपास तसेच दिसणारे, पण कंपनीच्या स्वतःच्या एम१ चिपवर चालणारे यंत्र आले. दोहोंत अवघ्या आठ महिन्यांचे अंतर. मात्र एम१ला थंड ठेवण्यासाठी पंखाच लागत नव्हता, वेग कितीतरी अधिक होता आणि बॅटरी बराच जास्त वेळ टिकत होती. खरी तफावत पुढे उघड झाली. २०२५ साली आलेली मॅकओएस २६ ही प्रणाली एम१ एअरवर चालते. इंटेलच्या एअरला ती मिळालीच नाही. जुने यंत्र सवलतीत घेणाऱ्यांनी त्या वेळी वाचवलेले पैसे असे नंतर चुकते केले.

आता नेमके उलटे उदाहरण पाहू. जुलै २०२२ मध्ये एम२ चिपचे एअर विक्रीस आले. भारतात त्याची किंमत १,१९,९०० रुपयांपासून सुरू होत होती आणि एम१चे एअर ९९,९०० रुपयांना विक्रीत कायम होते. नव्या यंत्राचा पडदा किंचित मोठा व अधिक उजळ होता, कॅमेरा सुधारलेला होता आणि चुंबकाने चिकटणारी मॅगसेफ चार्जिंगची सोय परत आली होती. तथापि २५६ जीबी साठवणीच्या मूळ आवृत्तीत दोनऐवजी एकच साठवण-चिप बसवलेली होती. त्यामुळे चाचण्यांत तिच्या साठवणीचा वाचनवेग एम१च्या जवळजवळ निम्मा भरला. एरवी हे जाणवणार नाही. परंतु ८ जीबी रॅम भरली की यंत्र साठवणीचाच काही भाग रॅमसारखा वापरू लागते आणि तेथे हा मंदपणा आड येतो. तेवढ्याच सुमाराच्या किमतीत १६ जीबी रॅमचे एम१ घेता येत होते. एकाच वेळी अनेक कामे उघडी ठेवणाऱ्यांसाठी, माझ्या मते, तेव्हा तीच निवड अधिक शहाणपणाची होती.

मात्र ‘एक पिढी मागचे घ्यावे’ असा नियमही यातून काढता येत नाही. मार्च २०२५ मध्ये एम४चे एअर १६ जीबी रॅमसह ९९,९०० रुपयांना आले. त्याआधी कंपनी एम२चे एअर त्याच किमतीला विकत होती. अशा वेळी दुकानदाराकडील जुना साठा भरघोस सवलतीत मिळत असेल तरच त्याचा विचार करावा. दोन-चार हजारांसाठी नव्हे.

विंडोजच्या यंत्रांत आणखी एक मेख आहे. तेथे ‘नवे’ हे पुष्कळदा केवळ नावापुरते असते. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेतील लॅपटॉप-चिपांच्या क्रमांकातील तिसरा अंक तिची मूळ रचना सांगतो. रायझेन ५ ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, अर्थात २०१९ सालची रचना. ७५४०यू मधला ४ म्हणजे झेन ४. अंकांत किरकोळ फरक, यंत्रांत मात्र मोठा. इंटेलनेही २०२४ च्या आरंभी ‘कोअर ५ १२०यू’ असे नवे नाव आणले. आतील रचना तेराव्या पिढीचीच होती. म्हणून खोक्यावरचे वर्ष न पाहता प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून आणावा आणि घरी शांतपणे ताडून पाहावा. दुकानात विक्रेत्यासमोर उभ्या-उभ्या हे होत नाही, हा सर्वांचाच अनुभव.

दुसरी बाब रॅमची. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पट्टीवरच पक्की बसवलेली असते. नंतर वाढवता येत नाही. एसएसडी पुष्कळ विंडोज यंत्रांत बदलता येते, मॅकबुक एअरमध्ये तशी सोय नाही. तेव्हा नव्या पिढीचे ८ जीबीचे आणि मागच्या पिढीचे १६ जीबीचे यंत्र एकाच भावात मिळत असेल, आणि मागच्या पिढीची रचना फार जुनी नसेल, तर दुसरे घ्यावे.

फार मागे मात्र जाऊ नये. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा, थोडे अपवाद वगळता, आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी सुरक्षेच्या दृष्टीने ते घेऊ नये.

मागच्या पिढीचे यंत्र घ्यायचे ठरलेच, तर ते किती महिने खोक्यात पडून होते याची चौकशी करावी. लिथियमची बॅटरी न वापरताही हळूहळू क्षीण होते आणि उकाड्यात हे अधिक वेगाने घडते. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यातील मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता यांत पहिल्याच दिवशी मोठी तफावत दिसली, तर यंत्र बदलून मागावे. हमीचा काळ बिलाच्या तारखेपासून धरला जाईल ना, हे विचारून घ्यावे आणि बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा.