जनगणना आणि मतदारसंघ : मीरा-भाईंदरच्या निमित्ताने काही विचार

विधानसभेच्या निवडणुकांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी बहुधा पक्षांच्या जयापजयावर खिळलेली असते. कोणत्या जिल्ह्यातून किती सदस्य निवडून यावयाचे, हा प्रश्न मतदानापूर्वीच निकालात निघालेला असल्यामुळे तो रूक्ष प्रशासकीय तपशील समजून बाजूस सारला जातो. वस्तुतः नागरिकाच्या मताचे वजन त्या तपशिलातच ठरत असते. ठाणे जिल्ह्याच्या, व विशेषतः मीरा-भाईंदरच्या, उदाहरणावरून हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरची पहिली निवडणूक १९६२ साली २६४ जागांसाठी झाली. १९६७ व १९७२ साली जागांची संख्या २७० होती आणि १९७८ साली ती २८८ झाली. या २८८ जागांची जिल्हावार वाटणी १९७१ च्या जनगणनेवर आधारलेली होती. घटनेच्या १७० व्या अनुच्छेदाचा आशय असा की, राज्यातील प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या व त्यास मिळणाऱ्या जागा यांचे प्रमाण शक्य तितके सारखे असावे. परंतु १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हे फेरवाटप २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत थांबविले. लोकसंख्येला आळा घालणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये, हा त्यामागील विचार होता. तथापि राज्याराज्यांमधील तोल सांभाळताना एकाच राज्यातील जिल्ह्याजिल्ह्यांमधील तोलही गोठवला गेला. १९७८ पासून २००४ पर्यंतच्या सात निवडणुका त्या एकाच नकाशावर लढविल्या गेल्या.

या अवधीत नकाशा स्थिर राहिला, माणसे मात्र स्थिर राहिली नाहीत. मुंबईतील जागेची टंचाई व वाढते भाव यांमुळे वस्ती रेल्वेमार्गाच्या कडेने उत्तरेकडे सरकू लागली. दहिसरपलीकडे, वसईच्या खाडीच्या अलीकडे असलेली मिठागरांची, भातखाचरांची व कोळीवाड्यांची गावे या ओघात सापडली. मीरा-भाईंदर येथे १९८५ साली नगरपरिषद व २००२ साली महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख असलेली शहराची लोकसंख्या २००१ साली पाच लाख वीस हजारांवर गेली. एवढ्या वस्तीच्या या शहरास स्वतःच्या नावाचा विधानसभा मतदारसंघ मात्र नव्हता.

हा केवळ एका शहराचा प्रश्न नव्हता. २००१ साली ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांहून अधिक होती आणि जागा अवघ्या १३. म्हणजे दर जागेमागे सव्वासहा लाख माणसे. त्याच वर्षी रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १७ लाख व जागा ७. म्हणजे दर जागेमागे सुमारे २ लाख ४२ हजार. राज्याची सरासरी ३ लाख ३६ हजार होती. याचा अर्थ असा की, रत्नागिरीच्या एका रहिवाशाइतके प्रतिनिधित्व मिळण्यास ठाण्यात अडीच रहिवासी लागत होते.

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे नवी वाटणी केली व ती फेब्रुवारी २००८ मध्ये अमलात आली. ठाण्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या. मुंबई शहराच्या १७ वरून १० वर आल्या, तर उपनगरांच्या १७ वरून २६ वर गेल्या. एकूण संख्या २८८ च राहिल्यामुळे एकाची वाढ ही दुसऱ्याची घट होती. रत्नागिरीच्या जागा ७ वरून ५, सिंधुदुर्गाच्या ४ वरून ३, साताऱ्याच्या १० वरून ८ व विदर्भाच्या ६६ वरून ६२ झाल्या. ठाणे व रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांत दर जागेमागील लोकसंख्या आता सुमारे ३ लाख ३९ हजारांवर येऊन मिळाली.

गणित न्याय्य झाले. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २००१ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या. कमावता पुरुष चाकरमानी होऊन मुंबई-ठाण्याकडे गेल्याची ही खूण होय. तो जेथे राहावयास गेला तेथे त्याची गणना झाली आणि प्रतिनिधित्वही त्याच्यामागोमाग गेले. डोंगराळ मुलखातील विखुरलेल्या वाड्यांना मात्र पूर्वीपेक्षा कमी आमदारांवर भागवावे लागले.

नव्या १४५ क्रमांकाच्या मीरा-भाईंदर मतदारसंघात २००९ साली राष्ट्रवादी काँग्रेसचे गिल्बर्ट मेंडोन्सा, २०१४ साली भारतीय जनता पक्षाचे नरेंद्र मेहता, २०१९ साली अपक्ष गीता जैन व २०२४ साली पुन्हा मेहता निवडून आले. पहिल्या निवडणुकीनंतर प्रत्येक वेळी विद्यमान आमदार पराभूत झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे. शहराचा काही भाग शेजारच्या ओवळा-माजिवडा मतदारसंघात मोडतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

साधलेला तोल फार काळ टिकला नाही. २०११ साली दर जागेमागील लोकसंख्या ठाण्यात ४ लाख ६० हजार, तर रत्नागिरीत ३ लाख २३ हजार झाली. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होऊन २४ पैकी ६ जागा तिकडे गेल्या, तरी त्यामुळे एकूण जागा वाढल्या नाहीत. जागांची एकूण संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत कायम राहील, असे ८४ व्या घटनादुरुस्तीने ठरविले. तात्पर्य, मतदारसंघांचा नकाशा हे एका गेलेल्या जनगणनेचे चित्र असते. जिल्हावार निकालांचा अर्थ लावू पाहणाऱ्याने ते चित्र कोणत्या सालचे आहे, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.