मेणाची वडी आणि कर्करोगाचे भाकीत

गारगोटीच्या परिसरात 'टाटाला नेले' एवढे म्हटले की आजाराचे नाव वेगळे सांगावे लागत नाही. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथे पोहोचणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या मनात एक प्रश्न असतोच : पुढे काय? हा धागा त्या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास सांगतो, तोही एकाच आजारापुरता. तो आजार म्हणजे मोठ्या आतड्याचा, शरीरात इतरत्र पसरलेला कर्करोग.

प्रारंभी हे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली शोधले जाई. १९३२ मध्ये लंडनच्या कथबर्ट ड्यूक्स यांनी गुदाशयाच्या गाठींची ए, बी, सी अशी वर्गवारी केली. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल शिरली आणि लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचली का, यावरून रुग्णाचे भवितव्य ठरे. टाटामध्ये प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतीयांचा कर्करोग भारतीयांच्याच नोंदींवरून अभ्यासावा, ही त्यांची दृष्टी पुढे फार मोलाची ठरली.

१९६५ मध्ये माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना आतड्याच्या गाठींत 'सीईए' हे प्रथिन सापडले. रक्ताच्या एका थेंबातून कर्करोग ओळखता येईल, असे काही काळ वाटले. ती आशा फोल ठरली. धूम्रपान करणाऱ्यांतही त्याचे प्रमाण वाढलेले आढळते. उपचारानंतर रोग उलटला का, हे पाहण्यासाठी मात्र ते आजही मोजले जाते.

खरी कलाटणी वेगळ्याच दिशेने आली. १९६७ मध्ये शिकागोत वर्नर किर्स्टन यांनी उंदरांत गाठी निर्माण करणारा एक विषाणू वर्णिला. त्याच्यातील जनुकाचे भावंड १९८२ मध्ये मानवी पेशींत सापडले. आजच्या अहवालातील 'केरास' या नावातला 'के' म्हणजे हेच किर्स्टन.

२००४ मध्ये अमेरिकेत सेटुक्सिमॅब या औषधास मान्यता मिळाली. पेशीला वाढीचा संदेश देणारे पृष्ठभागावरचे दार ते बंद करते. मग त्या दाराचे प्रमाण मोजून रुग्ण निवडावेत, असे ठरले. तर्क सरळ होता, पण प्रत्यक्षात तो टिकला नाही. २००६ मध्ये फ्रेंच संशोधकांनी ३० रुग्णांच्या गाठी तपासल्या. औषधाचा गुण आलेल्या ११ जणांपैकी एकाच्याही केरास जनुकात बिघाड नव्हता. दाराच्या आतली घंटाच अडकून सतत वाजत असेल, तर दार लावून उपयोग काय?

२००८ मध्ये कॅनडा-ऑस्ट्रेलियातील चाचणीने शिक्कामोर्तब केले. ३९४ रुग्णांच्या जतन केलेल्या गाठी पुन्हा तपासण्यात आल्या. जनुक शाबूत असलेल्यांचे मध्यक आयुष्य औषधाने ४.८ महिन्यांवरून ९.५ महिन्यांवर गेले. बिघाड असलेल्यांना काहीच लाभ झाला नाही, आणि असे रुग्ण शंभरांत बेचाळीस होते. मेणात बसवून कपाटात ठेवलेल्या ऊतींच्या वड्या, ज्यांना रुग्णालयात 'ब्लॉक' म्हणतात, येथे अक्षरशः दप्तरखाना ठरल्या. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून हेवा वाटावा असे साधन क्वचितच सापडेल.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. काही खुणा रोगाची चाल सांगतात, तर काही औषधाची निवड. बीराफ जनुकातील 'व्ही६००ई' हा बदल प्रामुख्याने पहिल्या प्रकारचा. तो असता रोग वेगाने बळावतो. केरास मुख्यतः दुसऱ्या प्रकारात मोडते. डीएनएच्या दुरुस्तीतील दोषाची खूण तर दोन्हींकडे डोकावते : अशा मोजक्या रुग्णांत पेम्ब्रोलिझुमॅबने रोग १६.५ महिने आवरून धरला, केमोथेरपीने ८.२ महिने, असे २०२० मध्ये दिसून आले.

जमीन गहाण टाकून महागडे औषध घेणाऱ्या घरासाठी 'हे लागू पडणार नाही' असे सांगणारा कागद औषधाइतकाच मोलाचा असतो. तो मिळण्यासाठी मूळ शस्त्रक्रियेतला ब्लॉक हाती असावा लागतो. कोल्हापुरात शस्त्रक्रिया होऊन पुढील उपचार मुंबईत होणार असतील, तर तो मागून घेणे नातेवाइकांनाच करावे लागते.

आकड्यांचा प्रश्न उरतोच. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली. ग्रामीण भागातील देशातली पहिली नोंदणी बार्शीला, १९८७ मध्ये. जनुकांच्या खुणांची मोठी मोजदाद मात्र आजही प्रामुख्याने पाश्चात्त्य रुग्णांवर उभी आहे, आणि भारतात हा आजार तुलनेने तरुण वयात आढळतो.

दरम्यान, औषधाला दाद न देणारे म्हणून दशकानुदशके ज्याची ख्याती होती, त्या केरासच्या 'जी१२सी' या एका प्रकारावर सोटोरासिब आणि पॅनिटुमुमॅब यांच्या जोडीला अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली. आतड्याच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत असे तीन-चारच असतात. ते कोण, हे पुन्हा त्या मेणाच्या वडीतूनच कळते.